तेलडब्यावरचं चंदन

शनिवार, १२ ऑक्टोबर

चंदन संपलं! अख्खं पाकीट, गुलाबपाण्यात दाट कालवलेलं. काल आयुधपूजेला घरातलं एकही यंत्र सुटलं नाही. शेडमधलं लेथ, ड्रिल, चेनपुली, कंप्रेसर. घरातलं शिवणयंत्र, मिक्सर. वरदनच्या रक्तदाब मोजायच्या मशीनलाही टिळा लावला. (नवऱ्याचं नाव मी समोर घेत नाही, वहीत घेते. वही कुणाला सांगणार आहे!)

तांबडी, आमची शर्यतीची गाडी, शेवटी. तिचं बॉनेट उघडलं, इंजिनावर तीन बोटं भस्म ओढलं, टर्बोला कुंकू लावलं. आणि कोपऱ्यात तो तेलडबा आहे ना – इंजिनाच्या पोटातली वाफ ज्यात येते तो – त्याच्यावर एक इवलंसं जाळीचं फिल्टर बसवलंय. लिंबाएवढं. वर गोल, खाली बैठक. अगदी पिंडीसारखं! मग मला राहवलं नाही. देवळात मूर्तीला अंगभर चंदनलेप करतात तसा केला. बोटांनी दाबून दाबून, एक फट दिसू दिली नाही. वर कुंकवाचा ठिपका आणि जाईचं एक फूल. काय गोड दिसत होतं!

आज सकाळी वरदन बघून म्हणाला, "अंबु, इंजिनाचं लग्न लावलंस का? मैथिली फोटो काढून गावभर पाठवेल. पूस ते."

ओल्या फडक्याने खसाखसा पुसलं. वरून तरी आता काही दिसत नाही. फूल या पानात ठेवलंय.

रविवार, १३ ऑक्टोबर

चुरमुरे आणि गूळ अजून उरलाय. कोहळा फोडला तिथे फाटकापाशी मुंग्यांची जत्रा.

आणखी दोन आठवड्यांनी, सत्तावीसला, चेट्टिपाळयमच्या ट्रॅकवर मैथिली तांबडी पळवणार. एकेक गाडी, घड्याळाविरुद्ध, तीन फेऱ्या. मैथिली म्हणजे माझ्या धाकट्या दिराची मुलगी, सव्वीस वर्षांची; मला पेरिम्मा म्हणते, म्हणजे मोठी काकू. पंपांच्या कारखान्यात नोकरी आणि डोक्यात पेट्रोल. दोन वर्षांपूर्वीपर्यंत वरदनच पळवायचा. मग बायपास झाली आणि डॉक्टरांनी त्याच्या हातातलं स्टिअरिंग काढून घेतलं. तेव्हापासून तो शेडमध्ये खुर्ची टाकून बसतो आणि सगळ्यांना चुका दाखवतो.

इंजिन मात्र मेस्त्रींनी बांधलंय. आरोक्यसामी मेस्त्री, वय एकाहत्तर, आमच्या शेडमध्ये अडतीस वर्षं. ऑगस्टमध्ये एकट्याने बांधलं. पिस्टनच्या रिंगा बसवताना मला शेडमधला पंखा बंद करायला लावला होता – धूळ उडते म्हणून. आम्ही दोघं घामाने निथळलो.

सोमवार, १४ ऑक्टोबर

घात! पहिल्याच फेरीला तांबडीने तेल ओकलं.

मैथिली अविनाशी रोडवर घेऊन गेली होती. सावकाश चालवली तोवर ठीक. जोर दिला, टर्बोने हवा कोंबायला सुरुवात केली, आणि मागे निळा धूर. परत आली तर बॉनेटखाली सगळं तेलाने माखलेलं. तेल मोजायची पट्टी – डिपस्टिक – आपोआप वर उडून बाहेर आलेली!

"पेरिम्मा, इंजिनाने मला जीभ दाखवली," मैथिली म्हणाली.

हसू आलं. वरदनचा चेहरा बघून गिळलं.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

आज लिहायला हात जड झालाय.

वरदनने इंजिन चालू करून वरचं ऑइलचं झाकण काढलं, तळहात धरला. मैथिलीला म्हणाला, रेस दे. भोकातून फुस्सफुस्स धूर. "झालं! रिंगा," वरदन म्हणाला. "रिंगांच्या फटीतून वायू खाली उतरतोय. तेलाच्या पोटात दाब भरतोय, म्हणून पट्टी उडते."

मेस्त्री म्हणाले, "थोडा वायू उतरतोच, सार. टर्बो असला की जरा जास्त. त्यासाठीच तर तेलडब्यातून बाहेर वाट काढलीय."

"थोडा नाही हा."

"चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आहे. मोजून दाखवतो."

दाखवलं. काटा चारही वेळा एकाच जागी. वरदनने काट्याकडे बघितलंच नाही. मेस्त्रींच्या हातांकडे बघत होता.

"तुमचा हात थरथरतो, मेस्त्री. रिंगांची तोंडं एका रेषेत बसली असतील. आता उघडून परत बांधायला वेळ नाही. दाब कमी ठेवून सत्तावीस तारीख कशीतरी काढू. मग तिरुपूरचा तो लॅपटॉपवर इंजिनं जुळवणारा मेकॅनिक येईल. तुम्ही आता विश्रांती घ्या."

मेस्त्रींनी हातातलं फडकं चारदा दुमडलं आणि व्हाइसवर ठेवलं.

हात थरथरतो हे खरं आहे. कॉफीचा पेला धरताना थरथरतो. पाना धरताना नाही! मी रोज बघते. अडतीस वर्षं, आणि शेवटी "चुकीच्या रिंगा बसवल्या" म्हणून घरी जायचं?

बुधवार, १६ ऑक्टोबर

वरदनच्या सांबारात मीठ घातलं नाही. मुद्दाम.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

दुपारी भाजी निवडताना एकदम सिस्टर बेनेडिक्टा आठवल्या. नववीचा वर्ग, लाकडी बाकांना मेणाचा वास, आणि टेबलावर इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी, त्यात लाल शाई घातलेलं पाणी. एका तोंडातून फुंकलं की दुसऱ्या बाजूला पाणी चढतं. किती इंच चढलं तेवढा दाब. "दाब खोटं बोलत नाही, मुलींनो," सिस्टर म्हणायच्या. "मुली बोलतात."

मी सगळी छाती भरून फुंकलं होतं. लाल कारंजं थेट सिस्टरच्या पांढऱ्या झग्यावर! कुणी फुंकलं? वर्ग चिडीचूप. सेलीन सर्वांत जवळ उभी होती, तिला आठवडाभर व्हरांड्यात उभं केलं. मी गप्प बसले. शनिवारी तिला लिंबाच्या गोळ्या नेऊन दिल्या. तिने खाल्ल्या आणि मला एक दिली. शहाणी होती, तिला कळलं असणार.

असो. मी शेडमध्ये गेले आणि म्हटलं, इंजिनाच्या पोटातला दाब आपण नळीने मोजू या.

वरदन हसला. "आता नववीचं विज्ञान लावणार?"

मेस्त्री हसले नाहीत. जुनं ऑइलचं झाकण शोधलं, भोक पाडलं, त्यात स्कूटरच्या पेट्रोलनळीचं पितळी टोक बसवलं. मी शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानातून माशांच्या टाकीची पारदर्शक नळी आणली आणि माझ्या शिवणाच्या पट्टीवर यू करून चिकटवली. पाण्यात बीटाचा रस.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि मला एवढंच माहीत होतं की मोटारीला चार चाकं असतात. मेस्त्री कामाला लागले ते त्यानंतर दोन वर्षांनी. त्यांनीच मला पान्यांचे नंबर शिकवले. त्यांच्याकडे एक लांब सळई आहे, लाकडी मुठीची. सळईचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते आतलं ऐकतात. एकदा माझ्याही कानाला लावली होती. आत इतकी गर्दी! "यातला एकच आवाज ऐका, अम्मा," म्हणाले होते. तेव्हापासून मला येतं. वरदनला माहीत नाही.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

आजचं कसं लिहू! आधी गमतीचं लिहिते.

मैथिली चालवायला, मी शेजारी, मांडीवर पट्टी. नळी बॉनेटखालून खिडकीतून आत घेतलेली.

"पेरिम्मा, लस्सी समजून पिऊ नका."

"तू समोर बघ."

इंजिन नुसतं चालू – पाणी अर्धा इंच. रस्त्याला लागलो – दीड इंच. मग उड्डाणपुलाच्या चढावर मैथिलीने पाय दाबला, टर्बोची शीळ वाजली, आणि पाणी चढायला लागलं. चार. सात. अकरा – मी "पुरे!" म्हणेपर्यंत सगळं बीट नळीच्या तोंडातून छताला! तिथून माझ्या डोक्यावर, मैथिलीच्या पांढऱ्या जाकिटावर, आरशावर. पुलाखालच्या सिग्नलला हवालदाराने हात केला आणि आत वाकून किंचाळला, "अम्मा! रक्त!"

"बीट आहे हो."

"काय?"

"बीट. खायचं."

त्याने एक बोट चाटून बघितलं! शपथ. मग "सावकाश जा" म्हणून सोडलं. मैथिली घरापर्यंत हसत होती. तिचं नाक गळायला लागलं.

आता दुसरं.

मेस्त्रींनी अकरा इंच ऐकलं आणि जरा वेळ डोळे मिटून उभे राहिले. "दाब वाढला म्हणजे दोनच गोष्टी, अम्मा. आत येतंय जास्त, नाहीतर बाहेर जाणारं अडलंय. रिंगा वाईट असतील तर येतंय जास्त. पण अडलं असेल तर? वरचं झाकण काढल्यावर तिथून धूर येणारच. त्याला दुसरं दार कुठाय? उद्या डब्यावरचं फिल्टर काढून परत मोजू."

ते गेले. मी बॉनेट बंद करायला वाकले. इंजिन गरम होतं. तेलाचा वास, रबराचा वास. आणि त्यात...

गुलाबपाणी.

परत हुंगलं. चंदन!

फिल्टरला नाक लावलं. वरून काळंकुट्ट, तेलकट, निरुपद्रवी. नखाने जाळीची एक घडी उकरली तर आत पिवळट लुकण, खडूसारखी घट्ट. पुसताना मीच ती ओल्या फडक्याने आत ठासली. इंजिनाला श्वास सोडायला लिंबाएवढं एकच नाक होतं, आणि मी ते देव समजून लिंपून टाकलं.

मी बॉनेट बंद केलं. घरात आले. केसांतलं बीट धुतलं. कुणाला काही सांगितलं नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर

चोरी केली. बासष्टाव्या वर्षी!

वरदन दोन ते तीन झोपतो. घोरणं एका लयीत आलं की शेडमध्ये गेले, लोण्याच्या सुरीने क्लिप सोडवली (पान्याने आवाज होतो), फिल्टर पदरात घातलं आणि मागच्या अंगणात पेट्रोलमध्ये बुडवलं. भांडं जुनं होतं, इडलीचं नाही – एवढी लाज शिल्लक आहे. काय निघालं त्यातून! पिवळा चिखल. तीन वेळा धुतलं, दात घासायच्या ब्रशने घडी न् घडी साफ केली, पापड वाळवायच्या कापडावर उन्हात ठेवलं. शेजारच्या नाच्चम्मा कुंपणावरून डोकावल्या.

"नवीन प्रकारचा पापड का, अंबु?"

"हो. टर्बो पापड."

"तळून पाठवा हं."

मेस्त्री चार वाजता मोजायला आले तेव्हा फिल्टर जागेवर होतं आणि मी दारात उभी. म्हटलं, आज माझं डोकं दुखतंय, उद्या मोजू. म्हणजे पेट्रोलचा वास उडून जाईल. मेस्त्री म्हणाले, "आराम करा, अम्मा."

बेत असा, की गाडी आपोआप बरी होईल. सगळे खूश होतील, मेस्त्री राहतील, आणि माझं नाव कुठेच येणार नाही. किती छान बेत आहे! सेलीनला लिंबाच्या गोळ्या.

रविवार, २० ऑक्टोबर

बेत फसला. इतका वाईट फसला की...

क्रमाने लिहिते. सकाळी मोजलं. पूर्ण जोरावर पाणी दोन इंच. फक्त दोन! धूर नाही, पट्टी जागच्या जागी. मैथिलीने हॉर्न वाजवत अंगणात तीन चकरा मारल्या. मी टाळ्या वाजवल्या.

वरदन वाजवत नव्हता. खुर्चीतून उठला, डब्याच्या पाइपावरून हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाला, "मेस्त्री, काय होतं आत?"

"कशाच्या आत, सार?"

"पाइपात. इंजिन बांधताना फडकं राहिलं होतं ना? शुक्रवारी आकडा ऐकून तुमच्या लक्षात आलं आणि काल गुपचूप काढलंत. रिंगा आपोआप बऱ्या होत नाहीत. चूक मी माफ केली असती, मेस्त्री. लपवलंत, ते नाही."

मेस्त्रींचा चेहरा मी अडतीस वर्षांत असा पाहिला नव्हता. वळले आणि निघाले. जाताना माझ्यापाशी थांबले.

"अम्मा, मी काहीच केलं नाही. म्हणूनच मला भीती वाटते. कारण नसताना बरं होणारं इंजिन मी अजून पाहिलं नाही."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. आणि काय बाहेर पडलं? "कॉफी घेऊन जा."

घेतली नाही.

सोमवार, २१ ऑक्टोबर

मेस्त्री आले नाहीत. अडतीस वर्षांत मुलीच्या लग्नाला दोन दिवस आणि बायको गेली तेव्हा चार दिवस. बस. व्हाइसवर चारदा दुमडलेलं फडकं तसंच आहे.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

सांगणार. उद्या. नक्की.

बुधवार, २३ ऑक्टोबर

सांगितलं. तर विश्वासच ठेवत नाही!!

सकाळच्या कॉफीला, सगळं, पहिल्यापासून. पिंडी, चंदनलेप, ओलं फडकं, लोण्याची सुरी, टर्बो पापड. आणि वरदन पेल्यातून वर बघून काय म्हणतो?

"पुरे, अंबु. त्याला वाचवायला काहीही सांगशील."

"अहो, मी खरं सांगतेय."

"शहाऐंशी सालीही तू खरंच सांगत होतीस. क्लच प्लेट उलटी बसली तेव्हा. 'मीच चुकीची दिली हातात.' आठवतं?"

आठवतं. तेव्हा खोटं बोलले होते. मेस्त्री नवे होते, त्यांना काढलं असतं. आता खरं बोलतेय तर ते खोटं ठरतंय! सिस्टर बेनेडिक्टा वर कुठेतरी पोट धरून हसत असतील.

"चंदनाने इंजिन गुदमरत नाही," वरदन म्हणाला. "इतकी वर्षं मोटारींच्या घरात काढलीस आणि..."

पुढचं मी ऐकलं नाही. उठले आणि बाजारातून चंदनाचं नवीन पाकीट आणलं.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

सकाळी रिक्षाने ओंडिपुदूरला, मेस्त्रींच्या घरी. ओसरीवर बसून नातीच्या सायकलची चेन लावत होते. मी बसायच्या आधीच सगळं बोलून टाकलं, उभ्या उभ्या, चपला हातात. शेवटी म्हटलं, "मला माफ करा. तुमच्या रिंगा चांगल्या आहेत. मी वाईट आहे."

मेस्त्रींनी चेन खाली ठेवली. मग विचारलं,

"साध्या पाण्यात कालवलं होतं, की गुलाबपाण्यात?"

"गुलाबपाण्यात."

"दाट?"

"पिठल्याएवढं."

"आणि वाळू दिलं किती?"

"रात्रभर. मग ओल्या फडक्याने पुसलं."

"मग बरोबर," ते म्हणाले. नुसतं एवढंच. पण खांदे खाली आले. आठ दिवस वर चढवून ठेवले होते, ते आता कळलं. "सारला सांगितलंत?"

"विश्वास ठेवत नाहीत."

"मग दाखवावं लागेल." शर्ट घातला. "जसं केलं होतं अगदी तसंच करायचं, अम्मा. तेवढंच दाट, तेवढंच दाबून. नाहीतर मोजण्याला अर्थ नाही."

"फूलसुद्धा?"

"फूलसुद्धा."

आणि मग मी माझा गुन्हा परत केला, या वेळी साक्षीदारांसमोर! शेडच्या मध्यभागी स्टूल, त्यावर ते फिल्टर, मी पदर खोचून लिंपतेय, मेस्त्री बाजूला उभे राहून "इथे राहिलं, इथे राहिलं" करतायत, मैथिली अर्धी रजा टाकून फोनवर सगळं टिपतेय, आणि वरदन खुर्चीत हाताची घडी घालून. रात्रभर थांबायला सवड नव्हती. ऊन कडक होतं, तीन तासांत खडखडीत वाळलं. ओलं फडकं. खसाखसा. फिल्टर डब्यावर.

"आता तुम्ही बसा पट्टी घेऊन," मी वरदनला म्हटलं. "म्हणजे मी खोटं वाचून दाखवलं असं नको."

बसला. शुभ्र वेष्टी नेसलेली, वर शुभ्र शर्ट. मैथिलीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. बीटाचा रस त्या दिवशी जरा जास्तच गडद झाला होता. माझा काय दोष?

वीस मिनिटांनी परत आले. आधी निळा धूर दिसला, मग गाडी. वरदन उतरला. कपाळापासून गुडघ्यापर्यंत लाल, चष्म्याच्या एका काचेवरून थेंब ओघळतोय. मैथिली स्टिअरिंगवर डोकं ठेवून गदगदत होती. मेस्त्रींनी बॉनेट उघडलं. पट्टी बाहेर, जीभ दाखवत.

"किती इंच?" मेस्त्रींनी विचारलं. अगदी गंभीरपणे.

"मोजायला पाणी राहिलं नाही," वरदन म्हणाला.

मेस्त्रींनी फिल्टर काढून फेकलं, खिशातून नवं कोरं काढून बसवलं. त्यांनी येतानाच घेतलं होतं! नळी पुन्हा भरून वरदन परत जाऊन आला, तसाच, लाल. दोन इंच.

वरदन चष्मा पुसत राहिला. मग इंजिनाकडे बघत म्हणाला, "रिंगा चांगल्या बसवल्यात, मेस्त्री."

"हो, सार."

"मी... फडकं म्हणालो होतो."

"हो, सार."

वरदन आत गेला. मला वाटलं कपडे बदलायला. तर तसाच लाल अवतारात स्वयंपाकघरातून कॉफी घेऊन आला, स्वतः ओतली, उंचावरून, फेस आणत. पहिला पेला मेस्त्रींना. दोन्ही हातांनी दिला. मेस्त्रींनी दोन्ही हातांनी घेतला. पेला थरथरत होता. कोणाच्या हाताने, ते कळलं नाही.

मला मागून दिली. साखर नव्हती. मुद्दाम! मिठाची परतफेड.

शनिवार, २६ ऑक्टोबर

वरदनने शेडच्या दारावर खडूने लिहिलंय: "तेलडब्याला देव मानू नये." खाली मैथिलीने माझं चित्र काढलंय, चार हात, प्रत्येकात चंदनाची वाटी.

रविवार, २७ ऑक्टोबर

चेट्टिपाळयम. ऊन, डांबराचा वास, आणि लिंबूभाताचे डबे.

मैथिली सव्वीस गाड्यांत पाचवी! तिसऱ्या फेरीत टर्बो असा गायला की मी उभी राहून ओरडले. तेलाचा एक थेंब नाही. पंचांपैकी एकाने बॉनेटखाली डोकावून विचारलं, पट्टीला तार का बांधली नाही, सगळे बांधतात. मेस्त्री म्हणाले, "आमच्याकडे गरज नाही." असे उंच दिसत होते!

वरदनने मला सुरुवातीच्या रेषेजवळ नेलं. पूर्वी मी तिथे उभी राहायचे, तो गाडीत, मी त्याचं घड्याळ धरून. आज आम्ही दोघंही बाहेर. त्याने माझ्या हातात घड्याळ दिलं. तेच जुनं, काचेला चरा गेलेलं. मी ते मुठीत घट्ट धरलं.

आता सगळं पूर्वीसारखं होईल. उद्या सोमवार, साडेआठला मेस्त्रींची सायकल वाजेल. मी वडे करणार आहे.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

मेस्त्री काल आले नव्हते. आज आले, चालत, हातात फक्त सळई. "माझं काम बरोबर ठरल्यावरच सोडून जायचं होतं, अम्मा," म्हणाले. "हात खरंच थरथरतात." सळई माझ्या हातात ठेवली. वडे बांधून दिले, ते घेतले. फाटकापर्यंत गेले, मागे वळून बघितलं नाही.

मी तिथेच ओट्याला टेकून उभी होते तेवढ्यात शेडमधून वरदनची हाक, "मेस्त्री! बारा नंबरचा पाना!"

"अहो, ते गेले."

"माहीत आहे," वरदन म्हणाला. "लवकर आण."